वरठा सरांच्या तीन ओळी

अन्वी आणि ईशान,

मागच्या आठवड्यात अन्वीचा फोन आला तेव्हा ती खुशीत होती. कॉलेजात तिने तिथल्याच, कॅनडाच्या साहित्याचा विषय घेतला आहे. पहिल्या तासाला पुस्तक उघडायच्या आधी बाईंनी प्रत्येकाला उभं करून तीन गोष्टी सांगायला लावल्या: मी कोण आणि कुणाची, कुठल्या जमिनीवरून आले, आणि ह्या पुस्तकाशी माझा काय संबंध. तिथल्या मूळ रहिवाशांची ही जुनी रीत आहे म्हणे. "आजी, किती छान ना? आपल्याकडे असं कुठे असतं," असं ती म्हणाली, आणि मी म्हणाले की गॅसवर दूध आहे, मग बोलू. गॅसवर काहीही नव्हतं.

आपल्याकडे असं होतं. डहाणूत, माझ्याच कॉलेजात, माझ्याच विभागात, दुसऱ्या मजल्यावरच्या शेवटच्या खोलीत. ते ज्यांनी सुरू केलं त्यांच्याबद्दल मी तुमच्या बाबालाही कधी सांगितलेलं नाही. आता क्रमाने सांगते, आणि सुरुवात त्यांच्याच पद्धतीने करते. मी सुमती, चिखल्याच्या वाडीवाल्या भाऊंची धाकटी मुलगी. डहाणूच्या कॉलेजात बत्तीस वर्षं इंग्रजी शिकवलं, त्यातली शेवटची नऊ विभागप्रमुख म्हणून. ह्या दोन ओळी झाल्या. तिसरी ओळ, म्हणजे ह्या गोष्टीशी माझा संबंध काय, ती लिहायला मला हे सगळे कागद लागणार आहेत.

त्यांचं नाव रूपजी वरठा. तलासरीच्या पुढे, उधव्याच्या वाटेवर आंबेपाडा आहे, तिथले. पाड्यावरून तलासरीपर्यंत जीप आणि तलासरीहून एसटी, असं करून सकाळी सात वीसच्या तासाला ते हजर असत. त्या तासाला डहाणूच्या जवळपास राहणारे आम्ही उशिरा पोचायचो, ते नाही. अंगाने काटक, डावा खांदा जरा वर, कारण त्यावर कायम कापडी पिशवी. पिशवीत पुस्तकं, नागलीची भाकर, सुकट, आणि खोकल्याच्या गोळ्यांच्या जुन्या डबीत खडूचे तुकडे. कॉलेजचा खडू ते घेत नसत. शिपायाने एकदा विचारलं तर म्हणाले, ऑर्डर संपली की खडू परत मागाल, त्यापेक्षा माझे बरे.

कारण ते तासिका तत्त्वावर होते. दर जूनला नवी ऑर्डर निघायची, दर मार्चला ती संपायची. आम्ही कायम नोकरीतले एकमेकांना सर, मॅडम म्हणायचो. त्यांना स्टाफरूममध्ये सगळे नुसतं 'वरठा' म्हणत. मीही. ह्या पत्रात मी 'वरठा सर' लिहिते आहे, ते आत्ता लिहिते आहे, हे लक्षात ठेवा.

पहिल्या दिवशी प्राचार्यांनी त्यांना चार शब्द बोलायला सांगितलं. नवा माणूस अशा वेळी आपल्या पदव्या सांगतो, तुमच्याकडून खूप शिकायला मिळेल म्हणतो आणि बसतो. हे उभे राहिले आणि शांतपणे म्हणाले, "मी रूपजी, रावजी वरठाचा मुलगा, आंबेपाड्याचा. माझी आई चिखल्याला भाऊंच्या वाडीत चिकू उतरवायला जायची, म्हणून ह्या मॅडमचं घर मी लहानपणी बाहेरून पाहिलेलं आहे. इथे इंग्रजी शिकवायला आलोय."

 कॉमर्सच्या एका सरांनी घसा खाकरला आणि चहा मागवला. मला वाटलं, हा मला टोमणा होता. चिकूच्या दिवसांत आमच्या वाडीत पंधरा-वीस बाया येत. आंब्याखाली बसून त्या चहा पीत, त्यांचे कप वेगळे असत, आणि ते त्या स्वतः विसळून कुंपणाशी पालथे घालत. हे सगळ्याच वाड्यांत होतं. पण ते कॉलेजच्या स्टाफरूममध्ये कुणी आठवून द्यावं, हे मला रुचलं नाही.

टोमणा नव्हता, हे मला पुष्कळ उशिरा कळलं. त्यांचे आजोबा गोष्टी सांगत. गोष्टीला बसलं की ते आधी सांगायचे, मी अमक्याचा, अमक्या पाड्याचा, आणि ही गोष्ट माझ्याकडे अशी आली. हे सांगितल्याशिवाय पोरं गोष्ट ऐकत नसत. मध्येच कुणी मोठा माणूस येऊन बसला तर आजोबा थांबत, तो कोण ते त्याला सांगायला लावत, आणि मग पुढे जात. वरठा सर कुठेही उभे राहिले की हेच करत. एसटीच्या कंट्रोलरकडे तक्रार घेऊन गेले तरी हेच.

कॅनडाच्या साहित्याचा पेपर त्यांच्याकडे आला तो कुणालाच नको होता म्हणून. शेवटच्या वर्षाला विद्यापीठाने ऐच्छिक पेपरांची यादी दिली होती, आणि मुलांनी त्यातला हा निवडला, कारण बाजारात त्याचं गाईड सर्वांत बारीक होतं. माझ्याकडे त्या पेपराच्या नोट्स होत्या. मुंबईला तीन आठवड्यांच्या उजळणी वर्गात घेतलेल्या, टंकलेल्या, प्लॅस्टिकच्या पाकिटात, प्रत्येक पानावर क्रमांक. बर्फ, रान, एकटेपणा, टिकून राहणं, अनेक संस्कृतींचं एकत्र नांदणं, असे मुद्दे पाडलेले. मी त्या वरठा सरांना दिल्या. त्यांनी त्या आठवडाभराने परत आणल्या, नीट, एकही कोपरा न दुमडता.

"वाचल्या, मॅडम," ते म्हणाले. "ह्यांत बर्फ खूप पडतो. पण कुणाला थंडी वाजत नाही."

त्यांना ते गंमत म्हणून म्हणायचं होतं. हसत होते. ते नेहमी उशिरा हसत, समोरच्याचं ऐकून झाल्यावर एखादा क्षण थांबून, आणि हसले की खालचा एक दात नसलेली जागा दिसे. मी हसले नाही. नोट्स कपाटात ठेवल्या आणि किल्ली फिरवली.

पुढच्याच महिन्यात त्यांनी अकरा मुलांना बर्फाच्या कारखान्यात नेलं. त्या वर्षी त्या पेपराला अकराच मुलं होती, सात मुली, चार मुलगे, बहुतेक तलासरीकडची, दोन वाणगावची. डहाणूच्या खाडीजवळ होड्यांसाठी बर्फ पाडतात, तिथे. कारखान्यातल्या माणसाने विचारलं, मास्तर, मासे कुठायत, की नुसताच बर्फ भरून न्यायचाय. ह्यांनी सांगितलं, कविता भरून न्यायच्यात. मग प्रत्येकाने लादीवर हात ठेवायचा आणि सोसवेल तोवर काढायचा नाही, आणि तेवढ्या वेळात सरांनी हिवाळ्यावरची एक कविता वाचायची. तिसऱ्या कडव्याच्या आत सगळ्यांचे हात निघाले. एकीचा राहिला. जयवंती नावाची मुलगी, आंबेपाड्याचीच. बोटं पांढरी पडली तेव्हा सरांनीच तिचा हात उचलला. ती म्हणाली, "सर, थोड्या वेळाने दुखायचं बंद होतं. तीच भीती वाटण्याची जागा आहे ना?" ही गोष्ट कॉलेजभर झाली. प्राचार्यांनी मला विचारलं, सहल कुणाच्या परवानगीने गेली. मी वरठा सरांकडून लेखी खुलासा मागवला. त्यांनी एका ओळीत दिला: वर्ग पाठ्यपुस्तकातच होता.

कागदपत्रांत ते असेच होते. अध्यापनाचं नियोजन महिन्याच्या पाच तारखेला माझ्या टेबलावर यायला हवं, त्यांचं यायचं वीस तारखेला, अर्ध्या रकान्यांत काही नाही. मी लाल शाईने शेरा लिहायचे आणि शेऱ्याखाली पट्टीने दोन रेघा मारायचे. ही सवय मला भाऊंनी लावली. शेऱ्याखाली दोन रेघा मारल्या की मागाहून कुणाला काही घुसडता येत नाही. वरठा सरांच्या फाईलीत माझ्या अशा कितीतरी जोड रेघा असतील.

पण शेवटच्या खोलीबाहेरून जाताना मी थांबायचे. एकदा त्यांचं शिकवणं नीट ऐकलं. कॅनडातल्या आदिवासी मुलांना घरांतून उचलून लांबच्या निवासी शाळांत ठेवत, तिथे त्यांची भाषा, केस, नावं सगळं काढून घेत. त्या आठवणींचा एक उतारा लावला होता. माझ्या नोट्समध्ये तो दीड ओळीत होता. सर फळ्यावर काही लिहीत नव्हते. ते विचारत होते, इथे आश्रमशाळेत कोण कोण होतं. नऊ हात वर गेले. दहावा त्यांचा स्वतःचा.

"मग आता हा उतारा वाणगावच्या दोघांनी वाचला आणि तुम्ही नऊ जणांनी वाचला, तर एकच वाचला का?" त्यांनी विचारलं. "नाही ना? मग उत्तरात आधी लिहा, तुम्ही कुठून वाचताय. मी कोण, कुणाची. माझा पाडा कुठला. ह्या लिहिलेल्याशी माझा काय संबंध. तीन ओळी. मग खाली काय लिहायचं ते लिहा. कुठून बघतोस ते सांगितल्याशिवाय काय दिसलं ते सांगू नकोस."

एका मुलाने विचारलं, सर, परीक्षेला हे येणार आहे का. सर थोडं थांबून हसले आणि म्हणाले, परीक्षा तुझ्याकडे येणार आहे, तू तिला सांग.

उताऱ्याच्या पुढच्या पानावर तिथली एक म्हातारी बाई अशीच, आधी आईचं, आजीचं, नदीचं नाव सांगून बोलायला लागते. ते पान त्यांनी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून घराच्या ओट्यावर तासभर बसून राहिले होते, असं त्यांनी मला एकदा बसस्टँडवर सांगितलं. "एवढ्या लांबून कोणीतरी आमच्या आजोबांसारखं बोलत होतं, मॅडम." त्या दिवशी मला त्यांचा हेवा वाटला. इंग्रजी मी त्यांच्यापेक्षा चांगलं बोलत होते, आणि कुठल्याही पुस्तकाने मला असं कधी बसवून ठेवलेलं नव्हतं.

वर्षभर त्या अकरा मुलांनी प्रत्येक उत्तर त्या तीन ओळींनी सुरू केलं. मी चाचणीचे पेपर पाहिले होते. मला ठाऊक होतं. विभागप्रमुख म्हणून मी एक वाक्य बोलायला हवं होतं: वरठा, विद्यापीठाच्या परीक्षेत असं चालत नाही, मुलांना सांगा. कारण इथला नियम असा: उत्तरपत्रिकेत आपलं नाव, गाव, कॉलेज कुठेही दिसेल असं लिहायचं नाही. तपासणाऱ्याला केलेली ती खूण धरतात, गैरप्रकारात मोडतं. वरठा सर बाहेरून, नोकरी करत करत शिकलेले. कायम नसल्यामुळे तपासणीला त्यांना कधी बोलावलं गेलं नव्हतं, हा नियम किती कडक पाळतात ते त्यांनी पाहिलं नव्हतं. मी सांगितलं नाही. राहून गेलं, असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगितलं.

तपासणी केंद्र त्या वर्षी पालघरला होतं. हा पेपर घेणारी कॉलेजं जेमतेम तीन, त्यामुळे तपासणारे आम्ही दोघंच. दुसऱ्या दिवशी दुपारी एक गठ्ठा माझ्यासमोर आला. आसनक्रमांकावर पट्टी चिकटवलेली, सगळं नियमाप्रमाणे. पहिली उत्तरपत्रिका उघडली. साध्या इंग्रजीत लिहिलं होतं: माझं नाव जयवंती. मी देवकीची मुलगी, आंबेपाड्याची. माझी आई उंबरगावला कामाला जाते. मी सहा वर्षांची असताना आश्रमशाळेत माझे केस कापले आणि दुसऱ्या मुलींच्या केसांत झाडून टाकले, म्हणून हा उतारा मी ज्या घरातून वाचते त्या घराला दार एकच आहे.

मी पुढचंही वाचलं. सगळं उत्तर वाचलं. चार पानं. त्याला मी किती गुण दिले असते तो आकडा मला आजही ठाऊक आहे. मी तो कुणाला सांगितलेला नाही, तुम्हालाही सांगत नाही, कारण ते गुण मी दिले नाहीत.

दुसरी उघडली. तीन ओळी. तिसरी. अकराही.

माझ्याबरोबरचे सर वसईकडचे, निवृत्तीला आलेले. त्यांनी माझ्या खांद्यावरून पाहिलं आणि म्हणाले, "मॅडम, पोरं आहेत. पहिल्या तीन ओळींवर रेघ मारा आणि पुढे तपासा. कोण बघतंय?" ते सोपं होतं. बरेच जण करतात. पण ही माझ्याच कॉलेजची मुलं होती, उद्या कुणी गठ्ठा उघडला असता तर विभागप्रमुखाने आपल्या मुलांना झाकलं असं झालं असतं. तोवरच्या सगळ्या नोकरीत माझ्या नावावर एक ठपका नव्हता. मी अहवालाचा कागद मागितला. लिहिलं: अकरा उमेदवारांनी उत्तराच्या प्रारंभी नाव व गाव नमूद केले आहे, प्रकरण गैरप्रकार समितीकडे पाठवावे. सही, तारीख. खाली पट्टीने दोन रेघा.

तो अहवाल लिहिताना माझ्या नोट्सबद्दलचं वरठा सरांचं थंडीचं ते वाक्य मला आठवलं नव्हतं, असं मी इथे लिहिणार होते. आठवलं होतं.

जूनमध्ये निकाल लागला. अकरा मुलांचा राखून ठेवला. एका निकालाने काय होतं, असं तुम्हाला वाटेल. जयवंतीला बी.एड.ला प्रवेश मिळत होता, आंबेपाड्यावरची ती पहिली. गुणपत्रिका द्यायची तारीख जुलैअखेर होती. समिती कधी बसेल ते कुणीच सांगत नव्हतं. वरठा सरांना नोटीस आली, सोबत अहवालाची झेरॉक्स, सहीवर कागद ठेवून काढलेली.

दुसऱ्या दिवशी ते चिखल्याला माझ्याकडे आले. आल्यावर फाटकाशी थांबले, आंब्याखाली एकदा पाहिलं, आणि मग पायऱ्या चढून ओटीवर खुर्चीत बसले. मी चहा सांगितला. ते घाईत नव्हते. तारीख सांगितली, जयवंतीचं सांगितलं. म्हणाले की ती रोज पाड्यावरून तलासरीला नेटवर निकाल बघायला येते.

"मॅडम, दोन ओळी लिहून द्या. ही वर्गात शिकवलेली पद्धत आहे, मुलांनी कुणाला खूण केलेली नाही, एवढंच. विभागप्रमुखांचं पत्र असलं तर समिती लवकर सोडेल, असं क्लार्क म्हणाला."

मी म्हणाले, प्रकरण समितीपुढे आहे, अशा वेळी मी लिहिणं बरोबर दिसणार नाही. नियम आहे.

ते मान हलवत राहिले. चहा पीत होते, अगदी हळू. अर्धा कप झाल्यावर विचारलं, "तुम्हाला मला अजून काही सांगायचं आहे का?"

मला तो प्रश्न विचित्र वाटला. तपासणीचं काम गोपनीय असतं, मी तर काहीच सांगू शकत नव्हते. मी म्हणाले, नाही, पण पुढच्या वेळी मुलांना नियम सांगत जा. ते पुन्हा थांबले. कप संपला. मग ते उठले, अंगणातल्या नळावर गेले, कप विसळला आणि कुंपणाशी पालथा घातला. आमच्या कामवाल्या मंजूताई धावल्या, अहो सर, राहू द्या की. सर म्हणाले, "ह्या घरात आमची रीत तीच आहे, ताई." फाटक त्यांनी आवाज न करता लावलं.

समितीसमोर त्यांनी सगळा दोष स्वतःवर घेतला. मुलांनी माझं ऐकलं, शिक्षा मला करा, असं लेखी दिलं. समितीने मुलांचा तो पेपर रद्द केला आणि पुन्हा बसायची परवानगी दिली. ही सौम्य शिक्षा, असं मला एका सदस्याने कौतुकाने सांगितलं. निर्णय आला तेव्हा ऑगस्ट उलटत आला होता. अकरांपैकी सहा जण हिवाळ्यात पुन्हा बसले, बारक्या गाईडमधून लिहून पास झाले. बाकीचे आले नाहीत. जयवंती आली नाही. आईबरोबर उंबरगावला एका कारखान्यात डबे भरायच्या कामाला लागली असं वाणगावच्या मुलीने सांगितलं. पुढच्या वर्षी आम्ही कॅनडाचा पेपर काढून संभाषणकौशल्याचा घेतला. ठरावाचा मसुदा माझा होता. वरठा सरांची ऑर्डर त्या जूनला निघाली नाही. कुणी त्यांना काढलं नाही. ऑर्डर फक्त निघाली नाही. खडूची डबी ते नेहमीच घरी नेत, त्यामुळे मागे काहीच राहिलं नाही.

दोन वर्षांनी मी निवृत्त झाले. निरोपसमारंभात सगळ्यांनी माझ्या शिस्तीबद्दल सांगितलं.

मग तीन वर्षांपूर्वी घर आवरताना मी पुस्तकं काढली. तिथलीही होती, कॅनडाची, तुमच्या बाबाने पाठवलेली. तलासरीच्या आतल्या बाजूला एक विनाअनुदानित शाळा इंग्रजी पुस्तकं मागते आहे असं कळलं, आणि तिथे इंग्रजीला वरठा म्हणून कुणी आहेत हेही. मी ते कळल्यामुळेच गेले. तीन खोकी गाडीत घातली, मनाशी वाक्यं जुळवली.

ते आठवीच्या वर्गावर होते. केस पांढरे, पिशवी खुंटीला. मला पाहून त्यांनी नमस्कार केला आणि आत यायला सांगितलं. वर्गात एकेक मूल उभं राहून वाचत होतं, आणि वाचायच्या आधी, तुम्हाला आता माहीतच आहे. मी अमकी, अमक्याची. माझा पाडा अमका. ह्या धड्यातली विहीर आमच्याकडे आहे, म्हणून मी वाचते.

पुढच्या बाकावरची एक मुलगी सरांना म्हणाली, पाहुण्यांनी पण सांगायला पाहिजे. सर माझ्याकडे वळले. चेहऱ्यावर काही नव्हतं. खडू हातात घेऊन ते फळ्यापाशी उभे राहिले.

मी म्हणाले, मी सुमती, चिखल्याच्या भाऊंची मुलगी. त्यांनी लिहिलं. मी डहाणूच्या कॉलेजात होते. त्यांनी दुसरी ओळ लिहिली. मग ते थांबले. वर्ग थांबला. मुलगी म्हणाली, "आणि इथं कशाला आलात?"

मी म्हणाले, पुस्तकं द्यायला. मुलांनी टाळ्या वाजवल्या. सरांनी तिसरी ओळ लिहिली.

बाहेर खोकी उतरवून झाल्यावर मी त्यांना गाठलं. म्हणाले, वरठा सर, त्या वर्षी पालघरला केंद्रावर, तो अहवाल...

"माहीत आहे, मॅडम," ते म्हणाले. "सही झाकली होती. रेघा नव्हत्या झाकल्या. शेऱ्याखाली पट्टीने दोन रेघा आणखी कोण मारतं?"

मी विचारलं, म्हणजे माझ्या घरी आलात तेव्हा.

"तेव्हा माहीतच होतं. तुम्ही सांगाल, असं वाटलं होतं. सांगितलं असतंत तर पत्र नसतं दिलंत तरी चाललं असतं. चहा संपेपर्यंत थांबलो मी."

मला जयवंतीबद्दल विचारायचं होतं. त्यांनीच सांगितलं, बरी आहे, अजून तिथेच कामाला आहे, तिची मुलगी ह्याच शाळेत आहे, तिसरीला. मग घंटा झाली आणि ते, येतो मॅडम, म्हणून वर्गाकडे गेले.

गाडी वळवायला ड्रायव्हरला वेळ लागला. वर्गाची खिडकी उघडी होती. फळ्यावर माझ्या तीन ओळी तशाच होत्या. वरठा सरांनी डस्टर घेतलं, मला वाटलं सगळा फळा पुसतील. त्यांनी तिसरी ओळ तेवढी पुसली, नीट, कोपऱ्यापर्यंत. वरच्या दोन ठेवल्या. मग खालची जागा मोकळी सोडून ते मुलांकडे वळले आणि पुढच्या मुलीला उभं राहायला सांगितलं.